लाखोळीचे रसायन

वैनगंगेच्या खोऱ्यात दिवाळीच्या आगेमागे धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागतात. धान अद्याप कापलेले नसते, जमिनीत पावसाळ्याची ओल असते, आणि अशा उभ्या पिकात शेतकरी मुठीमुठीने एक बी फेकीत जातो. त्यासाठी नांगर लागत नाही, वखर लागत नाही, खताचेही नाव नसते. धान कापले जाते तेव्हा हे बी रुजून वर आलेले असते. पुढे पाऊस पडला तर उत्तमच. न पडला तरी भुईतील ओलीवर आणि दंवावर ते वाढत राहते. हिवाळ्यात त्यास निळी फुले येतात आणि उन्हे तापू लागली की शेंगा वाळतात. भंडारा जिल्ह्यात या पेरणीस उतेरा म्हणतात, आणि पिकास लाखोळी, कोठे लाखोरी, कोठे नुसते लाख. उत्तरेकडे याचेच नाव खेसारी, व छत्तीसगडाच्या बाजूस तिवडा.

दाणा दिसावयास सामान्य. आकाराने तिकोनी, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा एका बाजूस निमुळता. भरडला म्हणजे आतील डाळ तुरीच्या डाळीची आठवण करून देते, आणि हे साम्य इतके पक्के की शहरांच्या बाजारात तुरीच्या डाळीत व बेसनात लाखोळी मिसळण्याचा व्यवहार त्याच्याच आधारावर चालत आला. तिच्यात शंभरात पंचवीस भागांहून अधिक प्रथिन असते. भंडाऱ्याकडील घरांत तिचे वरण होते, वडे होतात, कोवळ्या पाल्याची भाजी होते. गरिबाच्या शेतात विनासायास येणारे याहून पौष्टिक धान्य शोधून सापडणे कठीण. परंतु याच दाण्यात एक द्रव्य असे आहे की, ते महिनोन्महिने पोटात गेले असता धडधाकट तरुणाचे दोन्ही पाय आखडतात व पुन्हा कधीही मोकळे होत नाहीत.

वनस्पतीने असे द्रव्य मुळात बनवावे कशासाठी, हा प्रश्न प्रथम पाहिला पाहिजे. वनस्पतीच्या शरीरात तयार होणाऱ्या द्रव्यांची रसायनज्ञ दोन कुळे मानतात. साखर, पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ हे पहिल्या कुळातील. त्यांच्यावाचून पेशी जगूच शकत नाही, आणि गवताच्या काडीपासून वडाच्या झाडापर्यंत ती सर्वत्र सारखीच आढळतात. दुसऱ्या कुळातील द्रव्ये मात्र ज्याची त्याची: मिरचीचा तिखटपणा मिरचीपाशी, अफूतील मॉर्फीन अफूपाशी. जर्मन शास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८९१ साली हा भेद मांडला आणि दुसऱ्या कुळास ‘दुय्यम’ असे नाव दिले. हे नाव काहीसे दुर्दैवी ठरले. पुढे कित्येक वर्षे ही द्रव्ये म्हणजे वनस्पतीच्या मोरीतील सांडपाणी होय, अशीच पुष्कळांची समजूत राहिली. वस्तुतः कोसेलच्याही आधी, १८८८ साली, एर्न्स्ट श्टाल यांनी गोगलगाईंवर प्रयोग करून दाखविले होते की, पानांतील अशी द्रव्ये काढून टाकली तर ज्या पानांना गोगलगाय एरवी तोंड लावीत नाही तीच पाने ती आनंदाने खाते. तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९५९ साली गॉटफ्रीड फ्रेंकेल यांनी हाच मुद्दा नव्याने व जोरकसपणे मांडला, तेव्हा कोठे शास्त्रज्ञांचा कल बदलू लागला. वनस्पतीस पळता येत नाही, ओरडता येत नाही, शस्त्र उचलता येत नाही. तिचे संरक्षण आणि तिचे आमंत्रण ही दोन्ही तिला रसायनांतूनच करावी लागतात.

भंडाऱ्याच्या रानात व शेतात या दुय्यम द्रव्यांची उदाहरणे हवी तितकी आहेत. शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो; त्या केशरी रंगामागे ब्यूट्रिन व आयसोब्यूट्रिन ही द्रव्ये आहेत, आणि फुले पाण्यात उकळून होळीचा रंग करणारी माणसे नकळत तीच वेगळी काढीत असतात. २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालेला भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ शिजू लागला की सारे घर दरवळते. सुवासिक तांदळाचा तो विशिष्ट वास मुख्यतः एकाच द्रव्याचा असून, वनस्पतीतील एक जनुक बिघडल्यामुळे ते साचून राहते. म्हणजे माणसाने ज्या गुणास मोल दिले तो मुळात एक बिघाड आहे! चिन्नोर निघाल्यावर त्याच मातीत निळ्या फुलांची लाखोळी उभी राहते, हा योगायोगही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

लाखोळीतील द्रव्याचे पूर्ण नाव उच्चारताना कोणाचीही जीभ अडखळावी. बीटा-एन-ऑक्झॅलिल-एल-अल्फा-बीटा-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल हे ते नाव. शास्त्रज्ञदेखील त्यास आद्याक्षरांवरून ‘ओडॅप’ म्हणून मोकळे होतात. ते एक अमिनो आम्ल आहे. पण ज्या वीस अमिनो आम्लांची माळ गुंफून प्रथिने बनतात त्यांत त्याची गणना नाही. ते प्रथिनात गुंतत नाही, दाण्यात मोकळेच राहते, व पाण्यात सहज विरघळते. तीन कार्बन अणूंचा आखूड कणा, त्यावर दोन अमिनो गट, आणि त्यांतील एकास ऑक्झॅलिक आम्लाचा तुकडा जोडलेला, अशी त्याची ठेवण. ऑक्झॅलिक आम्ल म्हणजे चुक्याच्या भाजीस आंबटपणा आणणारे आम्ल. तेव्हा या विषाचे घटक काही अघोरी नाहीत. त्यांची जोडणी तेवढी विलक्षण आहे.

लाखोळीस या द्रव्याचा उपयोग काय, याविषयी एकच एक उत्तर दिले जात नाही. कीटकांपासून बचाव हे एक कारण सांगतात, नायट्रोजनाचा साठा हे दुसरे. परंतु सर्वांत उद्बोधक निरीक्षण निराळेच आहे. पाण्याचा ताण पडला म्हणजे दाण्यातील ओडॅपचे प्रमाण वाढते. बेल्जमधील गेंट येथील फर्नांड लाम्बाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ च्या सुमारास असेही दाखविले की, रोपास जस्त कमी आणि लोह अधिक मिळाले तरी ते वाढते. जस्ताच्या अणूला धरून त्याची ने-आण करणे हे ओडॅपचे एक काम असावे, असा तर्क त्यांनी केला. पावसाळाभर पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत असे सूक्ष्म घटक कमी पडतात, हा त्यांच्या तर्काचा पुढील धागा. धानाच्या बांधीतून निघणाऱ्या लाखोळीचा विचार करताना तो धागा विसरून चालणार नाही.

म्हणजे ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी इतर सर्व पिके जळतात, लाखोळी तेवढी उभी राहते, आणि तिच्या दाण्यात विष अधिक भरते. त्याच वर्षी माणसाजवळ दुसरे खावयास काही उरलेले नसते. या रोगाचा सर्व इतिहास एवढ्या एका गोष्टीत साठविलेला आहे.

तो इतिहास जुना आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात त्रिपुट नावाच्या धान्याने माणूस लंगडा व पांगळा होतो असे सांगितले आहे, आणि त्रिपुट म्हणजे तीन कोनांची ही लाखोळीच होय असे मानतात. विल्यम स्लीमन या इंग्रज अंमलदाराने सागर जिल्ह्यातील हकीकत लिहून ठेविली ती अधिक तपशिलाची आहे. १८२९ साली तेथील एका भागातील गहू गारांनी झोडपला गेला, पुढील वर्षी पाऊस कमी पडला, त्याच्या पुढील वर्षी तांबेरा आला. तिन्ही वर्षे शेतांत आपोआप उगवलेली लाखोळी मात्र जोमाने वाढली, आणि लोक तिच्यावरच जगले. १८३३ पासून त्या गावांतील तरुण माणसांचे कमरेखालील अंग निकामी होऊ लागले. कित्येकांना रात्री निजताना काही नव्हते, सकाळी उठले तो पाय जड. पुढे सागर व भंडारा हे दोन्ही जिल्हे मध्यप्रांतात आले. १८९६ पासून त्या प्रांतावर दुष्काळामागून दुष्काळ कोसळले, तेव्हा हीच कहाणी पुन्हा घडली, आणि मेजर अँड्र्यू बुकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातील रुग्णांचा अहवाल १९०४ साली नागपुरात प्रसिद्ध केला.

रोगाचे स्वरूप अंगावर काटा आणणारे आहे, कारण तो मारीत नाही. प्रथम पोटऱ्यांत गोळे येतात. मग गुडघे वाकू लागतात, टाचा टेकत नाहीत, माणूस चवड्यांवर पाय ओढीत चालतो. काहींना एक काठी लागते, काहींना दोन. सर्वांत वाईट अवस्थेत तो हातांवर भार देऊन जमिनीवर सरकतो. हात बहुधा शाबूत राहतात, बुद्धी स्वच्छ राहते, आयुष्यही कमी होत नाही. स्त्रियांपेक्षा पुरुषांत, आणि पुरुषांतही ऐन कष्टाच्या वयातल्यांत, हा रोग अधिक. कुटुंबाचा पोशिंदा चाळीस वर्षे जिवंत राहतो आणि त्यास पोसावे लागते.

कारण शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची वाट मध्येच एकदा चुकली. लाखोळीच्या पिकात अकरा नावाचे एक तण उगवते व त्याचे बी दाण्यात मिसळते. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सिमन्सेन यांनी पुष्कळ प्रयोगांनंतर दोष या तणावर ठेविला. यांतील हॉवर्ड म्हणजे पुढे इंदूरच्या कंपोस्ट खतपद्धतीमुळे जगभर नाव झालेले आल्बर्ट हॉवर्ड. माणसे थोर होती, पद्धतही सचोटीची होती. तरी लाखोळी त्यांच्या लेखी निर्दोष ठरली. जनावरांत हा रोग मनासारखा उत्पन्न करता येत नसे, ही खरी अडचण. ती सुटली कोंबडीच्या पिलांमुळे. अगदी लहान पिलांत रक्तातील द्रव्यांना मेंदूपासून अडविणारा पडदा पुरा तयार झालेला नसतो. लाखोळीचा अर्क अशा पिलास टोचला की त्याची मान ताठ वळते व झटके येतात. या कसोटीवर अर्काचा एकेक भाग पारखीत जाऊन १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा व पी. एस. शर्मा यांनी ओडॅप शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच वर्षी दिल्लीहून मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमणियन यांनीही हेच द्रव्य जाहीर केले. यांतील टी. आर. शेषाद्री यांनी पूर्वी पळसफुलांच्या रंगद्रव्याचाही अभ्यास केला होता. भंडाऱ्याच्या रानातील रंग आणि शेतातील विष, दोहोंवर एकाच रसायनज्ञाची दृष्टी पडावी हे मौजेचे आहे.

ओडॅप पायांच्या नसांनाच का धरते, याचे उत्तर त्याच्या आकारात आहे. मेंदूत व पाठीच्या कण्यात एका पेशीकडून दुसरीकडे निरोप पोचविणारे एक नित्याचे द्रव्य म्हणजे ग्लुटॅमिक आम्ल. पेशीच्या अंगावर त्यासाठी जणू कुलुपे असतात. किल्ली लागते, कुलूप क्षणभर उघडते आणि मिटते. ओडॅपची ठेवण ग्लुटॅमिक आम्लाशी इतकी मिळती आहे की ते त्याच कुलपांत बसते. पण तेथे त्याचा मारा चालूच राहतो, पेशी वाजवीपेक्षा अधिक काळ उत्तेजित राहते, तिच्यात चुना म्हणजे कॅल्शियम बेसुमार शिरतो, आणि अखेर ती थकून मरते. मेंदूपासून पायांपर्यंतची हालचाल चालविणाऱ्या लांबच लांब चेतातंतूंच्या पेशींना हा ताण सर्वांत कमी सोसतो. मेलेली चेतापेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून या रोगावर औषध नाही.

तरीसुद्धा लाखोळी खाणाऱ्या लक्षावधी लोकांपैकी फार थोड्यांनाच हा रोग झाला, हेही तितकेच खरे. आहाराचा सुमारे तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखोळीच असेल, आणि दोन-तीन महिने हाच क्रम चालला असेल, तेव्हाच धोका उभा राहतो. लाखोळीत मेथिओनिन व सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. शरीराचे अशा विषापासून रक्षण करण्यास नेमकी तीच हवी असतात. तांदूळ, ज्वारी, गहू यांतून ती उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. भाताबरोबर वाटीभर वरण ही एक गोष्ट झाली, आणि सकाळ-संध्याकाळ लाखोळीचीच भाकर ही दुसरी.

दुसऱ्या महायुद्धात या भेदाचा क्रूर पुरावा मिळाला. युक्रेनमधील वाप्नियार्का येथे रुमानियन सरकारची छावणी होती. १९४२ च्या शरदात तेथे आणलेल्या ज्यू कैद्यांना जनावरांच्या चाऱ्यासाठी ठेविलेली लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून देण्यात आले. काही महिन्यांतच शेकडो कैदी पांगळे झाले. त्यांच्यातीलच एक डॉक्टर आर्थर केसलर यांनी रोग ओळखला व हे अन्न नाकारावे असे सोबत्यांना सांगितले. तेथे दुष्काळ नव्हता, हवामानाचा दोष नव्हता. काय खावयाचे हे ठरविण्याचा अधिकार खाणाऱ्यास नव्हता.

हाच अधिकार विंध्य प्रदेशातील रेवा भागातल्या बांधील मजुरांनाही नव्हता. मालक मजुरी धान्यात देई, आणि धान्य म्हणजे बहुधा लाखोळी किंवा लाखोळीची मिसळ. १९६१ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी रुग्णांची पाहणी केली तेव्हा आजाराचे भौगोलिक क्षेत्र आणि वेठीचे क्षेत्र यांची सांगड स्पष्ट दिसली. बांधील मजुरी कायद्याने बंद झाली ती १९७६ साली. मजुरी रोख मिळू लागली व स्वस्त धान्याच्या दुकानांतून गहू-तांदूळ घरात येऊ लागला, तसतसा हा रोग ओसरत गेला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी भंडारा, चंद्रपूर व गोंदिया हे जिल्हे लक्षात घेऊन, १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या गोंदियात पाहणी केली. तिचा वृत्तान्त २०१४ साली प्रसिद्ध झाला. लोक लाखोळी खात होते, पण रुग्ण अगदी मोजके होते.

सरकारने मात्र दाण्यावरच बोट ठेविले. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील १९६१ च्या नियमाने लाखोळीची विक्री बंद करण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला व अनेक राज्यांनी तो अवलंबिला. पीक घेणे थांबले नाही. भंडाऱ्यात ते पूर्वीसारखेच निघत राहिले. उजळ माथ्याने बाजारात जाण्याऐवजी ते पडत्या भावाने व्यापाऱ्याकडे जाऊन दुसऱ्या डाळींत मिसळले जाऊ लागले. शेतकऱ्याचे नुकसान झाले आणि शहरातल्या गृहिणीस आपण काय शिजवितो हे कळेनासे झाले. बंदी उठावी म्हणून नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, आणि २००८ साली महाराष्ट्रात विक्रीवरील बंदी उठली. त्या चळवळीतील ‘लाखोळी अगदी निर्धोक आहे’ हा सूर जरा अधिकच उंच होता. दाण्यात विष आहे हे रसायनशास्त्राने निर्विवाद दाखविले आहे. बंदीने ते घालविता येत नाही इतकेच.

घालविण्याचा उपाय चुलीपाशी आहे. ओडॅप पाण्यात विरघळते, तेव्हा डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी ओतून द्यावे. विषाचा मोठा भाग त्याबरोबर जातो. हैदराबादच्याच मोहन, नागराजन व गोपालन यांनी १९६६ साली ही साधी रीत सिद्ध करून सांगितली. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, तो तोटा सोसावा लागतो. मात्र या रीतीस दोन वस्तू मुबलक लागतात, पाणी आणि सरपण. ज्या वर्षी या रीतीची सर्वांत अधिक गरज, त्या वर्षी घरात या दोन्हींची वाण असते.

इतके सगळे झाल्यावर आणखी एक गोष्ट सांगावयाची राहते, आणि ती ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. चीनमध्ये रक्तस्राव थांबविण्यासाठी एका जिनसेंग जातीच्या मुळाची पूड शतकानुशतके वापरीत आले आहेत. तिच्यातील रक्त थांबविणारे द्रव्य रसायनज्ञांनी वेगळे केले, त्यास डेन्सिचिन असे नाव दिले, आणि रचना तपासली तो ते हुबेहूब ओडॅप निघाले. एकाच अणुरचनेस एका देशात औषधाचे नाव आहे व दुसऱ्यात पांगुळेपणाचे. लाखोळीतच होमोआर्जिनिन नावाचे दुसरे एक अमिनो आम्ल असते, आणि रक्तवाहिन्यांना ते हितकर असावे असे अलीकडचे संशोधन सुचविते.

राहता राहिली गोष्ट बियाण्याची. जुन्या वाणांत ओडॅप शंभरात साधारण अर्ध्या भागाच्या आसपास, कोठे त्याहूनही बरेच अधिक सापडते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने ‘रतन’ हा वाण तयार केला. पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाकडून ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ आले. यांत हे प्रमाण पुष्कळच खाली, शंभरात एक दशांश भागाच्या जवळपास आणलेले आहे. २०१६ च्या आरंभी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेकडून या तिन्ही वाणांस अनुकूल मत मिळाले. परंतु पिशवीवर छापलेला आकडा शेतात तसाच टिकतो असे नाही. जमिनीत जस्त कमी पडले किंवा ऐन फुलोऱ्यात ओल संपली, तर सुधारलेला वाणही आपले विष वाढवितो. शिवाय लाखोळीच्या निळ्या फुलांवर मधमाशा येतात. एका बांधीत नवे बियाणे आणि धुऱ्यापलीकडच्या बांधीत आजोबांच्या वेळचे, अशी स्थिती असली तर दोहोंचा संकर होतो व काही वर्षांत भेद पुसट होत जातो. पवनी, लाखांदूर, साकोलीच्या बाजूस बांध्या लहान, धुरे एकमेकांस लागून, आणि पुढच्या उतेऱ्याचे बी घरच्याच कोठीतून निघते. तेव्हा गावाने मिळून एकाच वेळी बियाणे बदलले, तरच ते बदलले असे म्हणता येते.